विम्याचं घटस्थापनेला बघू

मी पितृपक्षात कमावते. हे ऐकलं की लोक चपापतात, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. नाशिकच्या इंदिरानगरातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत वर्षभर डब्यांचा स्वयंपाक चालतो. पण त्या पंधरा दिवसांत श्राद्धाच्या पानांची मागणी एवढी येते की पहाटेपासून शेगड्यांना उसंत नसते. खीर, वडे, अळूवड्या, गवार-भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. हल्ली घरात माणसं दोन आणि नोकऱ्याही दोन; तीस-चाळीस पानांचा स्वयंपाक कोण करत बसणार? तो मी करते, आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या व्हॅनमधून बाराच्या आत पोचवतही होते.

व्हॅन मीच चालवायचे. यजमान गेल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर शिकले आणि मग त्याचा मला भलताच अभिमान झाला. अकरा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. हायवेखालच्या बोगद्यापाशी कुणी आडवा घुसला तर काच खाली करून त्याचा उद्धार करायचे. पुतणे माझ्याबरोबर बसायला कचरायचे, ते माझ्या गाडी चालवण्यामुळे नाही, तोंडामुळे.

गाडीचा विमा दरवर्षी आमच्याच कॉलनीतला एक जण काढून द्यायचा. यजमानांच्या ओळखीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारा. चार वर्षांपूर्वी पितृपक्षातल्या द्वितीयेला त्याचा फोन आला तेव्हा मी वड्यांचं पीठ वाटत होते आणि फोन खांद्याला लावलेला होता.

"ताई, उद्या गाडीचा विमा संपतोय. आजच करून टाकू का?"

"पितृपक्ष चालू आहे ना रे? नवा कागद करायची ही वेळ आहे का? घटस्थापनेला बघू."

"नवा कुठला ताई, जुनाच पुढे चालू ठेवायचाय."

"तारीख नवी, नंबर नवा, कागद नवा. मग जुनं काय राहिलं त्यात?"

तो हसला. म्हणाला, "तुम्हीच काय, सकाळपासून हे सांगणारं चौथं गिऱ्हाईक. पितृपक्षात आमचा धंदा बसतो तो बसतोच. बरं, मग तोवर गाडी तेवढी जपून चालवा."

"तू मला शिकवतोस?" असं म्हणून मी फोन ठेवला.

मी काही फार देवभोळी बाई नाही. त्याच आठवड्यात मोठ्या कुकरचं झाकण बसेनासं झालं, तर मी बाजारात जाऊन नवा कुकर घेऊन आले होते. पितर आड आले नाहीत. कुकरवाचून अडत होतं, विम्यावाचून त्या दिवशी काही अडत नव्हतं, एवढाच फरक. पितृपक्षाचं निमित्त केलं आणि कटकट पुढे ढकलली. हे आज लिहिताना दिसतं. तेव्हा मात्र मी फार रीतीने वागतेय असंच मला वाटत होतं.

नवमीला दिंडोरीची ऑर्डर होती. चाळीस पानं, त्यांच्या आईची नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध या तिथीला असतं, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी. इंदिरानगरातून निघायलाच साडेदहा झाले. म्हसरूळ मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि मी वेग घेतला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणी तोंडावर आलेली, पुढे एक ट्रॅक्टर फवारणीची टाकी ओढत रमतगमत चाललेला. मी त्याला मागे टाकायला उजवीकडे घेतलं आणि त्याच वेळी मागच्या बाजूला खिरीच्या पातेल्याचं झाकण खणकन पडलं.

मी मागे वळून पाहिलं. याला मी आजवर 'नजर गेली' असं म्हणत आले. नजर जात नाही. मी मान वळवून, नीट, खीर सांडली का ते पाहिलं.

समोर पाहिलं तेव्हा मोपेडवरचा माणूस अगदी पुढ्यात होता. तो त्याच्या बाजूनेच येत होता. मी ब्रेक दाबला, तरी त्याच्या हँडलला माझ्या गाडीचा कोपरा लागलाच. तो रस्त्याच्या कडेला पडला आणि त्याचा उजवा हात खाली, मोपेडच्या आणि डांबराच्या मध्ये सापडला.

ट्रॅक्टरवाल्याने आणि मी मिळून त्याला व्हॅनमध्ये घेतलं. पन्नाशीचा माणूस, काटक, डोक्याला काही लागलेलं नव्हतं, पूर्ण शुद्धीत होता. ओरडला नाही. उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवलं होतं आणि सारखं एकच म्हणत होता, "हात गेला का ताई? बघा बरं, हात गेला का?" बोटांतून रक्त येत होतं आणि मनगट नको तिकडे वळलेलं होतं. मी म्हटलं, "नाही हो दादा, काही नाही गेलं." मला काय माहीत होतं?

दिंडोरीत एका हाडांच्या डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याच्याशी बोलताना कळलं की तो बागेत छाटणी करणारा होता. साधा मजूर नव्हे, टोळीचा मुकादम. बारा माणसं त्याच्या हाताखाली. द्राक्षाच्या काडीवरचा कुठला डोळा, म्हणजे कुठला कोंब, राखायचा आणि कात्री कुठे लावायची, ते तो काडीकडे बघून ठरवायचा आणि बाकीचे त्याचं बघून कापायचे. बागाईतदारांचं सगळं वर्ष त्या कात्रीवर असतं. छाटणी आठ दिवसांवर आली होती आणि डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणत होते, मनगटाची हाडं चुरली आहेत, नाशिकला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि पकड पूर्वीसारखी येईल असं मी सांगू शकत नाही.

या सगळ्या वेळात माझा फोन सारखा वाजत होता. श्राद्धाची मंडळी खोळंबली होती. मी झाला प्रकार सांगितला तर पलीकडून विचारलं, "रक्त गाडीत सांडलंय का? मग ते अन्न आता आम्हाला चालणार नाही हो." मी म्हटलं, "नका घेऊ," आणि फोन बंद केला. त्या लोकांचा राग अजून माझ्या मनात आहे, जरी त्यांचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "अपघात आहे, पोलिसांना कळवावं लागेल. तुमच्या गाडीचा विमा आहे ना?" तेव्हा कुठे मला आठवलं.  विमा असता तर त्याचा सगळा खर्च, बुडालेला हंगाम, उद्या हात अधू राहिला तर त्याची भरपाई, हे सगळं कंपनीकडून कायद्याने मिळालं असतं. विमा संपून सहा दिवस झाले होते.

बाहेर जाऊन मी विमावाल्याला फोन केला.  तो हलक्या आवाजात, पटापट बोलला.

"ताई, पोलिसांत नोंद झालीय का? नाही ना? मग ऐका. मी आत्ता पॉलिसी काढतो, ती रात्री बारापासून लागू होईल. अपघात उद्या सकाळचा दाखवायचा. डॉक्टरांना म्हणावं, दाखल उद्याचं लिहा. आज नुसती मलमपट्टी करून घरी सोडलं म्हणा."

"अरे, पण हे खोटं आहे."

"कुणाचं नुकसान आहे त्यात? तुम्ही सुटता आणि त्या माणसाला पैसे मिळतात. खऱ्याने वागून तुम्ही त्याला काय देणार आहात, सांगा."

  मी आत गेले आणि डॉक्टरांना अर्धवट शब्दांत विचारलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी स्वतःच्या मनाने काही लिहिणार नाही. पेशंट शुद्धीत आहे. कधी लागलं, कसं लागलं, हे तो सांगेल ते मी लिहीन." म्हणजे सगळं येऊन त्या माणसावर थांबलं.

तोवर त्याची बायको आली होती. टोळीतल्या कुणीतरी तिला गाडीवर आणून सोडलं होतं. ती त्याच्या पायांपाशी उभी होती आणि त्याच्या हाताकडे बघत नव्हती. मी दोघांना सगळं सांगितलं. विमा का नाही, तेही सांगितलं. मग विमावाल्याची युक्ती सांगितली, आणि ती सांगताना माझा आवाज किती गोड झाला होता ते मला ऐकू येत होतं. गिऱ्हाईकाला दोन पानं जास्तीची पटवताना मी तशी बोलते.

बायको लगेच म्हणाली, "सांगू की. उद्याचं सांगू. काय बिघडतंय?" आणि नवऱ्याकडे वळून, "आवं, हो म्हणा ना."

 तो मला म्हणाला, "हात आज मोडला ताई, अन् कागद उद्याचा. त्या ट्रॅक्टरवाल्यानं बघितलंय, समद्या रस्त्यानं बघितलंय. उद्या कंपनीचा माणूस गावात येऊन इचारील. मी पकडलो तर मंग? कंपनी म्हणंल, हा लबाड हाय, याला काय नाय द्यायचं. अन् तुम्ही म्हणाल, मी तर कागद काढला व्हता."

"मी तसं नाही म्हणणार हो."

"आज नाय म्हणणार. पण वकील शिकवील तुम्हाला." त्याने मनगट डाव्या हातात सावरलं. "त्यापरीस खरं असू द्या. खरं ऱ्हायलं तर तुम्ही बांधील ऱ्हाल. कागद नाय तर नाय, तुम्ही तर हायेत ना? मला तुमचं घर दाखवून ठेवा."

बायको रडायला लागली. आणि मला राग आला. खरं तेच लिहिते: मला शरम नाही वाटली, कृतज्ञता नाही वाटली, राग आला. ह्याच्या भल्याचं सांगतेय आणि हा माणूस मला घर विचारतोय! त्याने माझ्या आणि त्याच्या मध्ये कंपनी येऊ दिली नाही, वकील येऊ दिला नाही, काही म्हणजे काही येऊ दिलं नाही. मी व्हरांड्यात जाऊन दहा मिनिटं उभी राहिले. मग आत जाऊन त्याच्या बायकोच्या फोनमध्ये माझा नंबर घातला आणि पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला.

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. हवालदार आला तो व्हॅनभोवती फिरला आणि म्हणाला, "इन्शुरन्स दाखवा." मी मोबाइलवर होता तो कागद दाखवला. त्याने तारीख वाचली. "बाई, हा तर गेलाय."

मग त्याने मोपेडचे कागद मागितले. ट्रॅक्टरवाल्याने मोपेड दवाखान्यापर्यंत आणून लावली होती. बायकोने डिकीतून दुधाच्या पिशव्यांसारखी जाड प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात नोंदणीचं पुस्तक, लायसन्स, धुराचं प्रमाणपत्र आणि विमा, सगळं घडी घालून, सगळं मुदतीतलं. हवालदाराने ते माझ्यासमोरच उलगडलं आणि परत घडी घातली. त्या विम्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. तो समोरच्यासाठी असतो. त्याच्या मोपेडने मला इजा झाली असती, तर माझी भरपाई त्या पिशवीतून मिळाली असती.

व्हॅन पोलिस ठाण्याच्या आवारात नेली. पंचनाम्यात 'स्टीलची भांडी सात, अन्नासह' असं लिहिलं गेलं. भांडी तिसऱ्या दिवशी मिळाली. आतल्या अन्नाचं काय झालं असेल ते सांगायला नको. मी घरी आणून ती चार-चार वेळा घासली.

शस्त्रक्रिया नाशिकला झाली. मनगटात पट्टी आणि स्क्रू बसवले. तो खर्च मी केला आणि त्याबद्दल कुणी माझं कौतुक करू नये. मी रोज डबा घेऊन जायचे. तो माझ्याशी नीट बोलायचा, बायको बोलायची नाही. मला तिचंच बरं वाटायचं.

घटस्थापनेला सकाळी आठला दारावर बेल वाजली. विमावाला उभा होता, हातात नव्या पॉलिसीचा कागद, त्यावर हळद-कुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. "तुम्ही म्हणाला होतात ना ताई, घटस्थापनेला," तो म्हणाला. ठाण्यातून गाडी सोडवायची तरी चालू विमा लागतोच, म्हणून त्याने तो काढला होता. आणि दरवर्षीच्या सवयीने कुंकू लावलं होतं. त्याच्या मनात काही टोमणा नव्हता. मी कागद घेतला, त्याला चहा केला आणि तो गेल्यावर दार लावून ओक्साबोक्शी रडले.

पुढे आरटीओत बोलावणं आलं. माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होणार होतं. पेठ रोडवरच्या त्या ऑफिसात मी दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्यांच्या आणि सिग्नल तोडणाऱ्यांच्या रांगेत बसले. अकरा वर्षं ज्यांचा काच खाली करून उद्धार केला, ती सगळी मंडळी माझ्या डाव्या-उजव्या बाजूला होती. एकाने सरकून मला जागाही दिली. साहेबांनी विचारलं, "विमा का नव्हता?" मी म्हटलं, "पितृपक्ष होता." मला वाटलं, खोली हसेल. कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. हे कारण त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.

छाटणी सुरू झाली तेव्हा मी एकदा त्या मुकादमाला बघायला बागेत गेले, एसटीने. हात गळ्यात बांधून तो ओळीच्या तोंडाशी उभा होता आणि तोंडाने सांगत होता, "वरचा डोळा धर. नाय नाय, त्याच्यावरचा." कापणारा पोरगेला गडी चुकत होता. त्याला ते बघवत नव्हतं. डाव्या हाताने त्याने कात्री घेतली, एक काडी कापली, काप वाकडा गेला. त्याने कात्री परत दिली आणि बांधावर येऊन बसला. त्या हंगामात बागाईतदारांनी त्याला ठेवलं. पुढच्या हंगामाला टोळीचा मुकादम दुसराच होता.

निलंबनाची मुदत संपली, मला लायसन्स परत मिळालं. पण न्यायालयात हमी भरून सोडवलेली व्हॅन मी त्याआधीच विकली होती; ते पैसे त्यालाच द्यायचे होते. तेवढ्याने भागणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या वकिलाने, त्याने म्हटलं होतं अगदी तसंच, मला शिकवायचा प्रयत्न केला: समोरच्याचीही थोडी चूक दाखवता येईल, तो मध्येच आला असं म्हणा. मी एक दिवस विचार केला. हो, केला. मग नाही म्हटलं. त्याने माझं घर पाहून ठेवलं होतं, आणि महिन्यातून एकदा तरी तो येऊन ओट्यावर बसायचा. पैसे मागायचा नाही. पाणी प्यायचा, छाटणीचं, पावसाचं बोलायचा आणि जायचा. मी अजून तिथेच आहे का, एवढं बघायला तो येत असावा. मला ते जाचायचं आणि ते चुकवायची मला हिंमतही नव्हती.

दीड वर्षाने लोकन्यायालयात तडजोड झाली. विमा कंपनीने दिली असती त्याच्या निम्म्यानेही ती रक्कम नव्हती, हे त्याच्या वकिलाने त्याला माझ्यासमोर सांगितलं. म्हणजे पितृपक्षात नवा कागद नको म्हणणारी मी, आणि भुर्दंड भरला त्याने. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, कबूल आहे का? तो म्हणाला, "हाय."

कारकुनाने कागद टेबलावर सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. त्याने पेन उजव्या हातात घेतलं. बोटं त्याभोवती मिटेनात. पेन घरंगळून खाली पडलं. ते मी उचलून दिलं. त्याने पुन्हा धरलं, मनगट टेबलाला टेकवून बघितलं, नावाची पहिली उभी रेघ काढली आणि ती कागदावर भलतीकडेच गेली. मागे रांग होती. कारकून म्हणाला, "राहू द्या बाबा, अंगठा चालतो," आणि शाईची डबी पुढे केली.

"मला लिवता येतं," तो म्हणाला. हे त्याने कारकुनाला नाही, मला सांगितलं. "सातवी झालोय. बारा माणसांची हजेरी मीच लिवत व्हतो."

मी म्हटलं, "माहीत आहे दादा."

त्याने डावा अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर, आणि बायकोने पदराने तो पुसला. कारकुनाने कागद माझ्याकडे फिरवला. त्याच्या अंगठ्याच्या खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.